मागचे टायर

माझ्याकडे साठ हजार रुपये साठले होते आणि मला गाडीला सतरा इंची अलॉय टाकायचे होते. फोनमध्ये त्यासाठी वेगळा फोल्डर होता. रात्री झोपताना लोक रील बघतात, मी चाकं बघायचे.

गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१८ चं मॉडेल, लाल, सेकंड हँड. चाकणला तयार झालेली. बाराशे सीसीचं छोटं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा ऑटोमॅटिक. ज्यांना यातलं काहीच कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: दिसायला साधी हॅचबॅक, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. २०२२ मध्ये भारतात पोलो बनायची बंद झाली, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ते लोक तिच्याबद्दल जरा जास्तच हळवे असतात. मीही त्यातलीच.

आम्ही कडावला राहतो. कर्जत-मुरबाड रस्त्यावर, कर्जतपासून दहाएक किलोमीटर. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते बाल दिगंबर गणपतीमुळे, नाहीतर कोटलीगडला जाताना लागतं म्हणून. माझं ऑफिस ऐरोलीला. कर्जतहून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बर. रात्री उशिरा कर्जतला उतरल्यावर कडावला यायला काहीच मिळत नाही, म्हणून गाडी हवी. हे मी घरी दिलेलं कारण. खरं कारण असं, की कॉलेजमध्ये असल्यापासून मला पोलोच हवी होती.

बाबांनी बावीस वर्षं ४०७ टेम्पो चालवला. विटा, भाताच्या गोणी, पेंढा, फार्महाऊसवाल्यांचं सामान, लग्नाचा मंडप, काय सांगाल ते. माझ्या गाडीबद्दल त्यांचं पहिलं मत होतं, "डिकीत दोन गोणीपण मावणार नाहीत." दुसरं मत त्यांनी दिलं नाही. पण पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून चारही टायरांना पायाने एकेक टोला मारला होता, तो मला आठवतो. मागच्या उजव्या टायरपाशी ते जरा जास्त वेळ थांबले होते. मी तेव्हा स्टीरिओ लावत होते.

*

गेल्या वर्षीचा जून. पाऊस चार दिवस येऊन गेला होता, मग तीन दिवस कोरडे गेले. त्या संध्याकाळी पुन्हा भुरभुर सुरू झाली. मी आणि बाबा कर्जतहून घरी येत होतो. त्यांच्या मांडीवर भाताच्या बियाण्याची पिशवी, कर्जत-३. स्पीड पन्नासच्या आसपास. पन्नास म्हणजे काहीच नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

रोजचं एक डावं वळण आहे. वळणात शिरले आणि समोर म्हैस. रस्त्याच्या मधोमध नाही, कडेला, पण येते की जाते हे न ठरवलेली. मी पाय पटकन वर घेतला. ब्रेक नीट दाबलासुद्धा नव्हता. तेवढ्यात गाडीचा मागचा भाग उजवीकडे निघाला. स्टीअरिंग माझ्या हातात होतं, पुढची चाकं मी सांगेन तिकडे बघत होती, पण मागची चाकं आमच्या घरची नव्हतीच. डॅशबोर्डवर ईएसपीचा पिवळा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. आम्ही रस्त्याच्या चुकीच्या बाजूला, मागचं एक चाक चिखलात रुतवून, जवळजवळ आडवे थांबलो.

दहा-बारा सेकंदांनी समोरून एसटी आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, आमच्याकडे बघितलं, बाजूने काढली आणि गेला.

दहा-बारा सेकंद. हा आकडा मी नंतर बराच काळ कुणाला सांगितला नाही. आईला तर अजूनही नाही, आता ती वाचेल.

बाबा खाली उतरले. बियाण्याची पिशवी सीटवर ठेवली. माझ्यावर ओरडले नाहीत, म्हशीवरही नाही. मागच्या टायरपाशी उकिडवे बसले, तळहात फिरवला, मग अंगठ्याचं नख रबरात दाबलं.

"नख रुतत नाही बघ, बाय. लाकूड झालंय."

मी म्हणाले, "पण बाबा, नक्षी तर आहे अजून."

"नक्षी लाकडावरपण असते."

*

मी सॉफ्टवेअरवाली. काही बिघडलं की आधी कारण शोधायचं, मग हात लावायचा, एवढं नोकरीने शिकवलंय. पहिला संशय पाण्यावर होता. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की गाडी होडीसारखी तरंगते, त्याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. यावर १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सोपं सूत्र काढलं होतं: हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या, नऊने गुणा, वेग नॉट्समध्ये मिळतो. ३२ पीएसआयला हे उत्तर साधारण ताशी ९४ किलोमीटर येतं. ढोबळ हिशेब, पण मी पन्नासवर होते आणि रस्त्यावर पाण्याचं तळं नव्हतं. नुसती ओल होती. म्हणजे दोषी पाणी नव्हतं.

मग टायरच्या कडेवरचं लिखाण वाचलं. डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरांवर ३२२३ होतं, म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. मागच्या दोघांवर ०९१८. गाडीबरोबर आलेले मूळ टायर, सात वर्षांचे. रबर ऊन-वारा आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात. मग नक्षी कितीही शिल्लक असो.

नक्षी होतीच. कायद्याने १.६ मिलिमीटर लागते, टायरच्या खाचेत त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझ्याकडे त्याच्या दुप्पट शिल्लक होती. म्हणून आजवर कुठल्या तपासणीत कुणी काही बोललं नव्हतं. माझ्या गाडीत पुढची चाकं ओढतात, वळतात, ब्रेकचा मोठा भार घेतात, म्हणून तीच आधी झिजतात. आधीच्या मालकाने झिजलेली पुढची दोन बदलली, नवी तिथेच पुढे बसवली आणि मागची तशीच म्हातारी होऊ दिली. त्याने काही वावगं केलं नव्हतं. बहुतेक सगळे हेच करतात.

आणि ईएसपी? त्याचा मला जास्त राग आला होता. हजारो ओळींचा कोड, सेकंदाला कितीतरी वेळा चाकांचा वेग तपासणारे सेन्सर, आणि ऐन वेळी नुसता दिवा लावतो? मग मी एक हिशेब केला. गाडी आणि आम्ही दोघं मिळून साधारण १२४० किलो. टायरमधला दाब ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेला भाग येतो जेमतेम ५५० चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागद यापेक्षा मोठा असतो. सगळं इंजिन, सगळे ब्रेक, सगळं सॉफ्टवेअर त्या कागदाएवढ्या रबरावर उभं आहे. ईएसपी असलेली पकड वाटून देऊ शकतो. नसलेली कुठून आणणार?

*

शनिवारी आम्ही पनवेलला एका टायरच्या दुकानात गेलो. तिथे तीन पक्ष तयार झाले.

दुकानदाराचा पक्ष: चारही बदला. तो हे सगळं बाबांकडे बघून सांगत होता. "काका, मुलीच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?" गाडी माझी, पैसे माझे, गाडी घेऊन आले मी, पण टायरची गोष्ट पुरुषाशीच बोलायची असा काहीतरी नियम असावा. मी टायरचा साइज सांगितला, १९५/५५ आर१६, ८७ व्ही. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

हे आकडे एकदा कळले की कुणी सहज फसवू शकत नाही, म्हणून सांगते. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. १६ हा रिमचा व्यास इंचात. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो भार पेलतो आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतचा वेग. कडावच्या रस्त्यावर २४० कोण पळवणार, पण त्या अक्षरामागे टायर किती उष्णता सोसतो हे असतं, म्हणून कंपनीने दिलंय त्याच्या खाली जायचं नाही.

आता माझे सतरा इंची अलॉय. त्यांच्यावर बसतो २१५/४५ आर१७. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण रिम मोठा झाला की रबर कमी होतं: १०७ ऐवजी ९७ मिलिमीटर. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जी उशी असते ती एक सेंटिमीटरने पातळ. दिसायला गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर एका चांगल्या खड्ड्यात टायरच्या कडेला फुगा येतो नाहीतर रिम वाकतो. उलट १५ इंची रिमवर १८५/६५ टाकला तर व्यास तोच, पण उशी १२० मिलिमीटर. म्हणजे रस्ता बघून खरेदी करायची तर मला मोठी नाही, छोटी चाकं घ्यायला हवी होती. हा हिशेब मी दुकानातच फोनवर केला आणि फोनचा तो फोल्डर उघडला नाही.

बाबांचा पक्ष: पुढचे टायर दोन वर्षांचे आहेत, चांगले आहेत, ते कशाला टाकायचे? दोनच घे. नवे दोन पुढे लाव, पुढचे दोन मागे टाक. "चांगला टायर कायम पुढे. पुढचा फुटला तर स्टीअरिंग जातं. मागचा फुटला तर फक्त उशीर होतो."

माझा पक्ष: दोनच घेऊ, पण नवे मागे.

"उलटं बोलतेस."

मी सांगायचा प्रयत्न केला. पुढची पकड सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. पाय काढला, वेग उतरला की बऱ्याचदा पुन्हा ताब्यात येते. मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि फिरणारी गाडी सामान्य माणसाला सावरता येत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात: दोनच बदलणार असाल तर नवे मागे. बाबांनी ऐकलं. चेहरा तसाच. बावीस वर्षांच्या अनुभवाला मी इंटरनेटवर वाचलेलं सांगत होते.

मग मला राग आला आणि मी नको ते बोलले. "बाबा, टायरवर पैसे वाचवायचे नसतात. जिवाशी खेळ असतो तो."

बाबा दुकानाबाहेरच्या टायरांच्या थप्पीकडे बघत म्हणाले, "तुझ्या सेकंड इयरला मागचे चारही रिमोल्ड होते."

*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरची वरची कातडी घासून काढतात आणि त्यावर रबराचा नवा पट्टा भाजून चिकटवतात. नव्यापेक्षा बराच स्वस्त. ही काही चोरीची गोष्ट नाही. नीट केलेला रिमोल्ड चांगला चालतो, प्रवासी विमानांचे टायरसुद्धा असे पुन्हा पुन्हा चढवलेले असतात. पण सांगाडाच थकलेला असेल किंवा काम घाईत केलं असेल, तर पट्टा चालत्या गाडीतून सुटतो. हायवेच्या कडेला मगरीच्या कातडीसारखे काळे तुकडे पडलेले असतात, त्यातले काही हेच.

माझ्या सेकंड इयरची फी भरायची होती, त्याच महिन्यात टेम्पोचे मागचे टायर गोटा झाले होते. दोन्हीपैकी एकच खर्च पूर्ण होणार होता. बाबांनी फी पूर्ण भरली आणि टायर रिमोल्ड घेतले. कशेळ्याजवळ विटा भरलेल्या असताना एकाचा पट्टा उडाला. "आवाज बंदुकीसारखा," ते म्हणाले. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच. त्या वर्षी मी मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करत होते आणि लॅपटॉप हळू चालतो म्हणून फोनवर रडले होते.

"पण पुढे कधी रिमोल्ड टाकला नाही," ते म्हणाले. "मागे जोडीची चाकं असतात. एक गेला तरी शेजारचा धरतो."

मी बराच वेळ गप्प होते. थोडी लाज, आणि थोडं दुसरंही काहीतरी: त्यांचा नियम मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. चांगला टायर पुढे, हे बाबांचं अडाणीपण नव्हतं. ४०७ला पुढे दोन आणि मागे चार टायर. माल सगळा मागच्या एक्सलवर. भरलेल्या टेम्पोचा मागचा भाग वजनानेच रस्त्याला बसलेला असतो, तो सहजासहजी घसरत नाही, आणि एक टायर गेला तर दुसरा आहे. त्या गाडीसाठी तो नियम बरोबर होता. त्या नियमानेच ते बावीस वर्षं रोज घरी आले होते.

मी विचारलं, "बाबा, टेम्पो रिकामा असला की पावसात कसा चालतो?"

"रिकामा?" ते लगेच म्हणाले. "रिकामा मागून नाचतो. वळणावर तर हात लावू नये असा. म्हणून येताना मी..."

तिथे ते थांबले. माझ्या गाडीकडे बघितलं. पुढे इंजिन, गिअरबॉक्स, सगळं जड सामान. मागे एक रिकामी सीट आणि दोन गोणी न मावणारी डिकी.

"म्हणजे तुझी गाडी कायम रिकामीच," ते म्हणाले.

"हो."

"मग मागेच टाक."

*

आता कुठला टायर, हा प्रश्न उरला. दुकानदार प्रत्येक टायरबद्दल एकच गोष्ट सांगत होता: किती हजार किलोमीटर चालेल. टायरमध्ये तीन गोष्टी एकमेकींना ओढतात: किती टिकतो, ओल्यात किती धरतो, किती सहज फिरतो. एक वाढवायला गेलं की दुसरी थोडी तरी सुटते. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला, तेव्हापासून ओली पकड आणि सहज फिरणं यांचं भांडण बरंच मिटलं, पण पूर्ण नाही. युरोपात टायरवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते, बघून घेता येते. आपल्याकडे ओल्या पकडीची किमान अट आता आहे, २०२२च्या अधिसूचनेने नव्या डिझाइनना त्या ऑक्टोबरपासून आणि जुन्यांना एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पण किमान म्हणजे पासापुरते मार्क. पस्तीसवाला कोण आणि नव्वदवाला कोण, हे दुकानात कळत नाही.

त्यामुळे मी जे तपासता येतं ते तपासलं. पुढच्या टायरांचीच कंपनी, तेच मॉडेल, म्हणजे चारही चाकांचा स्वभाव सारखा. साइज, भार, वेग कंपनीने दिलेलाच. मॉडेलही साधं, कुटुंबाच्या गाडीला लागतं तसं. नावात रेस किंवा स्पोर्ट असं काही नाही. जन्मतारीख बघितली: दुकानदाराने पहिली जोडी आणली ती दीड वर्षं गोदामात होती, मी परत पाठवली, दुसरी तीन महिन्यांची निघाली. डिकीतली स्टेपनी उघडून बघितली तर तीही २०१८ ची. कधी रस्त्याला लागलेली नाही, काळीभोर, केस असलेली, आणि सात वर्षांची. तिच्यासाठी पुढच्या महिन्यात बघू असं ठरवलं. दोन टायर, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून एकोणीस हजार आठशे. नायट्रोजन भरू का, असं विचारलं. हवेत ७८ टक्के तोच असतो म्हणून साधी हवा भरली.

निघताना दुकानदार म्हणाला, जुने दोन ठेवून जा, तीनशे-तीनशे कमी करतो. मी हो म्हणणार होते.

"नको," बाबा म्हणाले. "आम्ही नेतो."

डिकी भरली. बाबांना मी विचारलं नाही कशाला. घरी आल्यावर त्यांनी अंगणात ते दोन्ही टायर आडवे टाकले, कोयता आणला आणि कडेच्या रबरात चार-चार ठिकाणी आरपार चिरा दिल्या. सात वर्षांचं रबर चिरायला बराच जोर लागला.

"यांना नक्षी आहे," ते म्हणाले. "दुकानात राहिले असते तर पॉलिश मारून कुणीतरी विकले असते. कुणीतरी घेतले असते." घाम पुसला. "मीच घेतले असते."

ते टायर आता परसात आहेत. चिरांमधून पाणी निघून जातं, डास होत नाहीत. एकात आईने झेंडू लावला, एक वाडीतली पोरं काठीने पळवत घेऊन गेली.

अलॉयचा फोल्डर अजून फोनमध्ये आहे. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. त्याच वळणावर मी तीसवर होते. बाबा शेजारी.

"आता कशाला एवढी हळू? नवे टाकले ना?"

मी सांगितलं, की टायर साच्यातून सुटावा म्हणून त्याला कारखान्यात काहीतरी निसरडं लावतात. ते घासून जाईपर्यंत, पहिले दोन-तीनशे किलोमीटर, जपून चालवायचं.

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर म्हैस असते," मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत. खिडकीतून कडेला बघत म्हणाले, "हां. ती असतेच."